वऱ्हाडची राजधानी अमरावती नव्हती

अमरावतीहून चिखलदऱ्याला निघालेली गाडी परतवाड्यात चहासाठी थांबते. माणसं उतरतात, पाय मोकळे करतात, फरसाणाची दोन पाकिटं घेतात आणि घाटाला लागतात. तिथून अगदी जवळ अचलपूर आहे, पण गाडी तिकडे क्वचितच वळते. ऐंशीहून अधिक वर्षं स्वतंत्र राज्याची राजधानी आणि पुढेही दीर्घकाळ वऱ्हाड सुभ्याचं ठाणं असलेलं हे शहर असं कडेला पडलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याबद्दल पसरलेले गैरसमज दूर झाले, तर काही गाड्या तरी तिकडे वळतील.

पहिला गैरसमज खुद्द अमरावतीबद्दलचा. तिच्या नावापुढे ‘राजधानी’ हा शब्द लावून शोध घेतला की आंध्र प्रदेश समोर येतो. तिथली कृष्णाकाठची अमरावती वेगळी, आणि प्रसिद्ध बौद्ध स्तूपही तिथलाच. आपली अमरावती म्हणजे अंबादेवीचं गाव. कापसाच्या व्यापारावर ते वाढलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेंढाऱ्यांपासून बचाव व्हावा म्हणून पेठेभोवती परकोट उभा राहिला. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या होत्या. जवाहर गेटमधून आत शिरताना लक्षात ठेवावं, की या भिंती सराफांच्या आणि व्यापाऱ्यांच्या जिवाची आणि मालाची राखण करायला बांधल्या होत्या. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, मग कारभार अमरावतीत आला आणि शहराचं महत्त्व वाढलं. १८९७ ची काँग्रेस इथेच भरली. शहर मानाचं, यात शंका नाही. पण वऱ्हाडची गादी होती ती अचलपुरात.

‘एलिचपूर हे जुनं नाव, अचलपूर हे अलीकडे बदललेलं,’ असं शिकलेली माणसंही सांगतात. गोष्ट उलटी आहे. तिवरखेडच्या राष्ट्रकूट ताम्रपटात अचलपूर हेच नाव येतं. अपभ्रंश भाषेत ‘धम्मपरीक्षा’ लिहिणारा हरिषेण चित्तोडहून अचलपुरास आला आणि विक्रम संवत १०४४ मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या अखेरीस, त्याने इथे ग्रंथ पुरा केला. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात तर या एका गावासाठी स्वतंत्र नियम आहे. अचलपुरातले ‘च’ आणि ‘ल’ बोलताना जागा बदलतात आणि ‘अलचपूर’ होतं, असा तो नियम. अलचपुराचं पुढे एलिचपूर झालं. ईल नावाच्या राजाने १०५८ मध्ये गाव वसवलं आणि त्याचंच नाव गावाला पडलं, ही कथा गावात आजही ऐकू येते. तिचा गोडवा मान्य, पण त्या सालाच्या सत्तर वर्षं आधी हरिषेण इथे बसून लिहीत होता.

काही जण उत्साहाने याच्याही मागे जातात आणि अचलपूर वाकाटकांची राजधानी होतं असं म्हणतात. दाखला म्हणून चम्मकचा ताम्रपट पुढे करतात. चम्मक हे अचलपूरजवळचंच गाव. दुसऱ्या प्रवरसेनाने चर्मांक नावाचं गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिलं, असं त्या ताम्रपटात आहे. हे गाव भोजकट राज्यात होतं आणि दानपत्र निघालं प्रवरपुराहून. ताम्रपट जिथे सापडतो तिथे राजा राहत होताच, असं नाही. राजधानीपणाचा मान अचलपूरकडे नंतर आला, आणि तेवढाही पुरेसा मोठा आहे. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला तो याच वाटेने, आणि तहात त्याने मागितला तो याच मुलखाचा महसूल.

आता खऱ्या राजधानीकडे येऊ. बहमनी राज्य फुटलं आणि १४९० मध्ये फतहुल्ला इमाद-उल-मुल्क स्वतंत्र झाला. हा कुणी इराणातून आलेला सरदार असावा, असा बहुतेकांचा समज असतो. इतिहासकार फरिश्त्याच्या मते तो विजयनगरच्या मुलखातला, कानडी हिंदू घरात जन्मलेला. लहानपणीच युद्धात कैद झाला आणि बहमनी चाकरीत वाढला. हे माहीत असलं की चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाच्या दिल्ली दरवाजासमोर पाय थबकतात. दरवाजावर सिंह आणि हत्ती कोरले आहेत, आणि त्यांच्यासोबत दोन तोंडांचा गंडभेरुंड. दक्षिणेच्या राजांचं हे आवडतं चिन्ह सातपुड्याच्या टोकाला कसं आलं, याचं उत्तर त्या मुलाच्या जन्मगावात असावं, असं मला वाटतं.

या दरवाजावरचा फतहुल्लाचा शिलालेख १४८८ चा आहे. नरनाळा किल्ल्यावरचा महाकाली दरवाजा १४८७ चा. म्हणजे ही दोन्ही कामं तो राजा होण्याच्या आधीची, बहमनींचा तरफदार, म्हणजे प्रांताधिकारी, असतानाची. सुलतानाच्या नावाने दगड बसत होते आणि डोंगरावरची दोन्ही बळकट ठाणी त्याच्या मुठीत येत होती. म्हणून अचलपूर, गाविलगड आणि नरनाळा वेगवेगळे पाहू नयेत. सपाटीवर शहर, पाठीशी डोंगरी किल्ले, अशी ही एकच राजधानी आहे.

‘अचलपुरात पाहायला आहे काय?’ हा प्रश्न मला दरवेळी ऐकावा लागतो. दुल्हा दरवाजाने आत शिरा. शाह अब्दुल रहमान गाझी, लोकांच्या तोंडी दुल्हा रहमान, यांचा दर्गा इथला मोठा. सुलतानपुरा, बिलनपुरा, जीवनपुरा, सरमसपुरा ही नावंच सांगतात की शहर पुऱ्यापुऱ्यांनी वाढलं. महानुभावांचं अष्टमहासिद्धी हे स्थान याच गावात आहे. मग गावाबाहेर पश्चिमेला हौज कटोऱ्याला जा. गोल तलावाच्या मधोमध अष्टकोनी मनोरा, आज तीन मजले उभे. कमानींतून वारा थेट आत येतो. वऱ्हाडच्या मे महिन्यात ज्याने दुपार काढली आहे, त्याला या इमारतीचा हेतू वेगळा सांगावा लागत नाही. आणि परतवाडा म्हणजे अचलपूर नव्हे, एवढं लक्षात असू द्या. परतवाडा ही फौजेची छावणी होती, म्हणून जुनी माणसं अजून ‘कॅम्प’ म्हणतात. शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरहून अचलपूर गाठायचा बेत मात्र नको, ती गाडी बंद आहे.

मुक्तागिरीची बावन्न जैन मंदिरं पाहायला लोक परतवाड्याहूनच जातात, त्यामुळे ती अमरावती जिल्ह्यात आहेत असं धरून चालतात. ती मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात येतात. यात्रेकरूला त्याने काही फरक पडत नाही.

गाविलगड इंग्रजांनी बांधला असंही कधी कधी कानावर येतं. चिखलदऱ्याचे जुने बंगले पाहून तसं वाटत असेल. फरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे अहमदशहा बहमनीने तो १४२५ च्या सुमारास उभारला; गवळ्यांचा जुना गड तिथे आधी असावा, असं नावावरून मानतात. इंग्रजांचा संबंध शेवटच्या अध्यायाशी. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानावर नागपूरकर भोसल्यांची फौज हरली आणि १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीने गाविलगड घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. यानंतर वऱ्हाड लगेच इंग्रजांचं झालं, हा समजही पक्का आहे. देवगावच्या तहाने वऱ्हाड गेलं ते निजामाकडे, आणि गाविलगड व नरनाळा तर काही वर्षं भोसल्यांकडेच राहिले.

अकोल्याच्या बाजूला दोन चुका नेहमी होतात. अकोल्याच्या असदगडाच्या अगरवेशीवर मराठी लेख आहे. गोविंद आप्पाजीने १८४३ मध्ये किल्ला बांधला, असं त्यात म्हटलं आहे. तो वाचून लोक किल्ला तेवढाच जुना समजतात. प्रत्यक्षात तो औरंगजेबाच्या काळातला, वजीर असदखानाच्या नावाचा. दुसरी चूक बाळापूरची. तिथली छत्री मिर्झाराजे जयसिंगाची समाधी आहे, असं सांगणारे भेटतात. जयसिंग १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरात वारला, आणि त्याची स्मारकछत्रीही तिकडेच आहे. बाळापूरची छत्री त्याने स्वतः नदीकाठी बांधवून घेतली, असं परंपरा सांगते. जवळच मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर विटांचा किल्ला आहे. तो अचलपूरच्या नवाबाने १७५७ मध्ये पुरा केला. राजधानीचा हात इथवर पोचत होता.

नरनाळ्याला मात्र पूर्ण दिवस द्या. अकोटहून शहानूर, तिथे वनखात्याच्या नाक्यावर नोंद, मग चढ. हा मेळघाटच्या जंगलाचा भाग आहे, म्हणून सकाळी लवकर जावं आणि दिवस मावळायच्या आत उतरावं. महाकाली दरवाजा नाव ऐकून पुष्कळांना मंदिराचा दरवाजा वाटतो. तो किल्ल्याचा दरवाजा आहे. फिकट दगडावर कमळं आणि अरबी-फारसी अक्षरं शेजारी शेजारी कोरलेली आहेत. फतहुल्लाच्या वंशातला शेवटचा राजा बुऱ्हाण याच गडावर कैदेत होता. वजीर तुफालखानाने त्या मुलाला इथे ठेवून स्वतः राज्य चालवलं. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने १५७४ च्या सुमारास गड घेतला तेव्हा मुलगा आणि वजीर दोघेही त्याच्या हाती लागले, आणि वऱ्हाडचं राज्य संपलं.