एकच मोहर, आठ कारकून

बिरसा येथील एका विद्यार्थ्याने विचारले आहे की, लॅपटॉपात आठ कोअर असताना आणि गावोगावच्या पावसाच्या नोंदींवरून सरासऱ्या काढणारा आपला पायथनमधील प्रोग्राम आठ थ्रेडांत वाटून दिलेला असतानाही वेळ पूर्वीइतकाच, म्हणजे दहा मिनिटे, का लागतो? प्रश्न साधा दिसला तरी गेल्या अर्धशतकातील संगणकशास्त्राचा एक फार सुंदर अध्याय त्याच्या पोटात दडलेला आहे.

जुन्या मध्यप्रांतातील एखादी तहसील कचेरी डोळ्यांसमोर आणावी. आठ कारकून आहेत, कामही मुबलक आहे. परंतु मोहर एकच आहे आणि ती हाती असल्यावाचून कोणी कागदाला हात लावावयाचा नाही, असा सक्त हुकूम आहे. अशा कचेरीत आठांपैकी सात जण सदैव मोहरेची वाट पाहत बसणार, हे उघड आहे. पायथनच्या रनटाइममध्ये नेमके असेच एक सार्वत्रिक कुलूप आहे, आणि ते काढून टाकलेली प्रायोगिक आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, ३.१३ या क्रमांकासह, प्रथम उपलब्ध झाली. ओकॅमल भाषेने आपले कुलूप डिसेंबर २०२२ मध्ये काढले. त्या कार्यात चेन्नईच्या आयआयटीतील के. सी. शिवरामकृष्णन यांचा वाटा मोठा आहे. या कामाला वर्षानुवर्षे लागली, कारण स्मृतीतील टाकाऊ वस्तू झाडून काढणारी यंत्रणा अनेक कोअरांवर एकाच वेळी बिनचूक चालली पाहिजे आणि जुने प्रोग्राम मात्र त्यापायी मंदावता कामा नयेत, ही अट पाळणे अतिशय दुष्कर होते.

हलक्या थ्रेडांची गोष्ट याहून निराळी आणि मला विशेष प्रिय आहे. प्रत्येक अर्जदारासाठी स्वतंत्र कारकून, मेज आणि कपाट द्यावयाचे, आणि पटवाऱ्याचा अहवाल येईपर्यंत ते सारे अडवून ठेवावयाचे, ही ऑपरेटिंग सिस्टिमच्या थ्रेडांची रीत. लिनक्सवर अशा एकेका थ्रेडच्या स्टॅकसाठी सामान्यतः ८ मेगाबाइटांची जागा राखून ठेवलेली असते. याउलट, अहवाल येणे बाकी आहे म्हणताच मिसल रुमालात बांधून फडताळावर ठेवावी आणि कारकुनाने दुसरा रुमाल सोडावा, म्हणजे आठ कारकून लाखो मिसली सहज सांभाळतात. गो भाषेत असा रुमाल अवघ्या २ किलोबाइटांच्या स्टॅकवर सुरू होतो. रुमालांची वाटणी करणारा शिरस्तेदार म्हणजे रनटाइम. आणि ज्याच्या मेजावरचे काम संपले त्याने शेजाऱ्याच्या ढिगातून निम्मे उचलावे, हा त्याचा शिरस्ता.

सप्टेंबर २०२३ मध्ये जावाच्या २१व्या आवृत्तीत असे थ्रेड कायम झाले, तेव्हा क्रांती झाल्याचा जो गाजावाजा झाला, तो वाचून मला पुण्याची आठवण झाली. अमेरिकेकडून क्रे महासंगणक मिळण्यात अडथळे आल्यावर १९८८ मध्ये स्थापन झालेल्या तेथील सी-डॅक या संस्थेने, अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे सुपुत्र विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली, १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. भटकरांचे नाव आपण अभिमानाने घेतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या यंत्रात कोणती चिप होती, हे कोणी सांगत नाही. ती होती ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीची ट्रान्सप्युटर. तिचे शिल्पकार डेव्हिड मे यांनी शिरस्तेदार चक्क सिलिकॉनमध्ये बसविला होता! एक काम थांबवून दुसरे हाती घेण्यास त्या चिपला एक मायक्रोसेकंदही लागत नसे, कारण बांधून ठेवावयाच्या रुमालात जवळजवळ काहीच नसे: काम कोठवर आले त्याची खूण आणि त्याच्या जागेचा पत्ता, एवढेच. शेजारच्या चिपांशी निरोप देण्याघेण्यासाठी प्रत्येकीला चार दुवे होते. तिच्यासाठी रचलेली ऑकॅम ही भाषा कोलंबोत जन्मलेल्या टोनी होर यांच्या १९७८च्या निबंधावर आधारलेली होती, आणि कामांनी समाईक दफ्तरात ढवळाढवळ न करता परस्परांना निरोप पाठवावेत हा त्या निबंधाचा विचार आज गो भाषेत नांदतो आहे. पुण्याच्या अभियंत्यांनी अशा चिपांच्या समुदायावर काम वाटून देण्याची विद्या, घरोघरी एककोअरी संगणकही नव्हते त्या काळी, स्वतःच्या हातांनी साधली होती. त्या विद्येचा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांत सविस्तर यावयास हवा.

आता बिरशाच्या विद्यार्थ्याकडे वळू. पावसाचे गणित हे वाट पाहण्याचे काम नसून अखंड आकडेमोडीचे आहे, तेव्हा हलक्या थ्रेडांनी त्याचे काही साधणार नाही. त्याने पायथनच्या आठ स्वतंत्र प्रक्रिया चालवाव्यात, म्हणजे आठ निराळ्या कचेऱ्या आणि आठ मोहरा. मात्र जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलेली मर्यादा ध्यानात ठेवावी. दहा मिनिटांपैकी दोन मिनिटे नोंदवही उघडून ओळीने वाचण्यात जात असतील, तर उरलेली आठ आठांत वाटून एकंदर तीन मिनिटे लागतील. आणि पुढे शंभर कोअरांचा संगणक आणला, तरी ती दोन मिनिटे तशीच राहतील. म्हणून प्रथम ती नोंदवहीच गावनिहाय आठ भागांत ठेवता येते का, ते त्याने पाहावे.