वस्तीत फॉर्म घेऊन येणारी मेडिकलची मुले : दार उघडा, पण विचारून घ्या



गळ्यात कॉलेजचे ओळखपत्र, हातात छापील फॉर्म आणि रक्तदाब मोजायचे यंत्र घेऊन मेडिकलची मुले-मुली वस्तीत आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "घरकुलाचा सर्व्हे आहे का?" नाही म्हटले की कुणी दार ओढून घेते, तर कुणी काहीही न विचारता अंगठा देऊन मोकळे होते. दोन्हीत नुकसान आपलेच आहे. नायगावच्या वस्त्यांत हिंडताना आम्हाला हे वारंवार दिसते, म्हणून या महिन्यात हाच विषय घेतला आहे.

ही मुले कोण असतात?

डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांनी शिकता शिकताच संशोधनही करावे, यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, १९७९ पासून एक योजना चालवते. तिला एसटीएस म्हणतात. एमबीबीएस किंवा बीडीएसचा विद्यार्थी एक प्रश्न निवडतो, कॉलेजातले एक प्राध्यापक त्याचे मार्गदर्शक होतात आणि दोन महिन्यांत काम पुरे करून अहवाल द्यायचा असतो. अहवाल मान्य झाला की प्रमाणपत्र आणि विद्यावेतन मिळते. आपल्या भागात नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि लातूरलाही शासकीय वैद्यकीय संस्था आहे.

काही मुले संशोधनासाठी नाही, तर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून येतात. २०२२ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या तब्येतीची माहिती ठेवायची असते. तुमच्या दारात आलेला विद्यार्थी यातल्या कोणत्या कामाला आला आहे, ते आधी विचारा.

विद्यार्थी म्हणून त्यांना कमी लेखू नका. स्वादुपिंडातल्या ज्या पेशींच्या पुंजक्यांत इन्सुलिन तयार होते, ते पुंजके १८६९ मध्ये बर्लिनच्या पॉल लँगरहान्स या वैद्यकीय विद्यार्थ्याने दाखवले. आज घरोघरी असलेला शुगरचा आजार समजायला ते कामी आले.

मार्गदर्शक सर-मॅडम काय करतात?

एक उदाहरण घेऊ. गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे निदान १८० लोहाच्या गोळ्या घ्यायच्या असतात. किती जणी त्या पुऱ्या घेतात आणि ज्या सोडतात त्या का सोडतात, असा प्रश्न विद्यार्थिनीने निवडला. "गोळ्या घेता का?" असे विचारले तर समोरची बाई मान ठेवायला "हो" म्हणेल. मार्गदर्शक सांगतात, असे विचारू नको. "मागच्या आठवड्यात किती दिवस घेतल्या? मळमळ झाली का? शौचाला काळे झाल्याने भीती वाटली का? केंद्रात गोळ्या शिल्लक होत्या का?" असे विचार.

दुसरी गोष्ट घरे निवडण्याची. डांबरी रस्त्यालगतची घरे घेतली तर काम लवकर उरकते, पण नाल्याकडेची आणि मागच्या गल्लीतली घरे हिशेबातून सुटतात. मग अहवालात वस्ती ठीकठाक दिसते आणि आपले दुखणे कागदावर येतच नाही. म्हणून सगळ्या घरांची यादी करून त्यातून चिठ्ठ्या काढाव्यात तशी घरे निवडायची असतात. तुमचे घर आले नाही तर रागावू नका, आणि आले तर "शेजारणीला विचारा" म्हणून टाळू नका.

तुमचा हक्क काय?

माणसांवरच्या कोणत्याही संशोधनाला आधी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. समितीचा अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा असावा आणि समितीत डॉक्टर नसलेला सामान्य माणूसही असावा, असा दंडक आहे. आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे :

१. अभ्यास कशाचा आहे, किती वेळ लागेल, रक्त घेणार का, हे तुमच्या भाषेत सांगितले पाहिजे. माहितीपत्र मागून घ्या.

२. वाचता येत नसेल तर वाचता येणारा, संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा. त्याशिवाय अंगठा देऊ नका.

३. नाही म्हणता येते. मधेच सोडताही येते. त्यामुळे दवाखान्यातले उपचार अडवता येत नाहीत.

४. लहान मुलांसाठी आईबापांची संमती लागते, आणि सात वर्षांपुढच्या मुलाचे स्वतःचे 'हो'सुद्धा लागते.

५. तुमचे नाव व आजार गुप्त राहिला पाहिजे. आरोग्याच्या अभ्यासाला बँक खाते किंवा मोबाइलवरचा ओटीपी लागत नाही. कुणी मागितला तर देऊ नका.

हे नियम उगीच नाहीत. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे गरीब काळ्या माणसांचा उपदंश नुसता पाहत ठेवला, औषध निघाल्यावरही दिले नाही. आपल्या शेजारी खम्मम जिल्ह्यात २००९ मध्ये मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याच्या प्रकल्पात अनेक संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या निघाल्या. २०१० मध्ये काम थांबले, २०१३ मध्ये संसदेच्या समितीने ताशेरे ओढले. लस चांगली की वाईट हा मुद्दा नव्हता. गरिबाच्या लेकरासाठी त्याच्या आईबापांना विचारायचे कुणाला गरजेचे वाटले नाही, हा मुद्दा होता.

निकाल परत मागा

बोटातून रक्त घेतले तर हिमोग्लोबिनचा आकडा चिठ्ठीवर लिहून घ्या. बाईचे १२ च्या खाली आणि गरोदर बाईचे ११ च्या खाली म्हणजे अंगात रक्त कमी. गरोदर बाईचे ७ च्या खाली असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायांना रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसले. अशा बाईच्या बोटाला टोचून आकडा फक्त वहीत नेणे बरोबर नाही. अभ्यास संपल्यावर "विहारात येऊन काय निघाले ते सांगा" असे विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या सरांना आवर्जून म्हणा.

मोजल्याने काय होते, ते गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली. तिथे बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचे १९९९ मध्ये जगापुढे मांडले गेले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येते, त्यामागे हेच काम आहे.

शेवटचे, आपल्या पोरांसाठी. वस्तीतले कुणी एमबीबीएस किंवा बीडीएसला असेल तर त्याने पहिल्या-दुसऱ्या वर्षातच जनऔषध वैद्यकशास्त्र विभागात जाऊन एसटीएसची चौकशी करावी आणि मार्गदर्शक शोधावा. नर्सिंगला असलेल्या मुलींनी त्यांच्या अभ्यासक्रमातल्या संशोधन प्रकल्पासाठी आपल्या वस्तीचाच प्रश्न घ्यावा. ऊसतोडीला गेलेल्या बाईच्या गरोदरपणातल्या तपासण्या कुठे चुकतात? संडास नाही म्हणून पोरी दिवसभर पाणी कमी पितात का? हे प्रश्न बाहेरच्याला सुचायला वेळ लागतो. आपल्या पोरीला ते आईकडे बघूनच ठाऊक असतात.