घरगुती वातानुकूलन यंत्रातील शीतकाची गळती : नियमित तपासणीची आवश्यकता

प्रस्तावना :
छत्रपती संभाजीनगर-पैठण मार्गावरील चितेगाव हे व्हिडिओकॉनच्या गृहोपयोगी विद्युत उपकरणांच्या कारखान्यामुळे परिचित झाले. या परिसरात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसपुढे जाते, त्यामुळे घरोघरी वातानुकूलन यंत्रे आली. त्यांसोबत 'दरवर्षी गॅस भरावाच लागतो' हा गैरसमजही रूढ झाला.

गळतीचे स्वरूप व परिणाम :
शीतक इंधनाप्रमाणे खर्च होत नाही. ते बंद नळ्यांतून द्रव व वायू या अवस्थांत फिरत राहते. ते कमी झाले, याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. थंडावा घटणे, सांध्यावर तेलाचा डाग दिसणे, आतील कॉइलवर बर्फ साचणे ही तिची लक्षणे होत. जाळी अस्वच्छ असल्यासही बर्फ साचतो. म्हणून प्रथम ती पाहावी. गळतीमुळे कॉम्प्रेसर अधिक काळ चालून वीजखर्च वाढतो. जुन्या यंत्रांतील आर-२२ ओझोन थरास घातक आहे. आर-३२ तसे नाही. परंतु शंभर वर्षांच्या कालावधीत त्याची तापवृद्धीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट असून ते सौम्य ज्वलनशीलही आहे. अशा शीतकांचा वापर घटविण्याविषयीच्या किगाली दुरुस्तीस भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली.

तपासणीची पद्धती :
उन्हाळ्यापूर्वी प्रशिक्षित तंत्रज्ञाने साबणाचा फेस किंवा इलेक्ट्रॉनिक गळतीशोधक वापरून सांधे तपासावेत. दुरुस्तीनंतर नायट्रोजनच्या दाबाने खात्री करून नळ्या निर्वात कराव्यात आणि यंत्रावर नमूद केलेल्या वजनाइतकेच शीतक भरावे.

निष्कर्ष :
गळती न शोधता भरलेले शीतक अखेर हवेतच जाते. म्हणून ग्राहकाने 'गॅस किती भरला' यापेक्षा 'गळती कोठे सापडली' हे आधी विचारणे हिताचे ठरते.