192 सेकंदांचा मारिओ

‘सुपर मारिओ’ची पहिली स्टेज सुरू झाली की पडद्यावर उजव्या कोपऱ्यात 400 चा आकडा येतो आणि उतरत जातो. शून्याला मारिओ मेला. पण हे सेकंद नव्हेत. पडद्यावरची 24 चित्रं सरली की आकडा एकाने उतरतो. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला साधारण 60 वेळा चित्र रंगवायचा, म्हणून तिथे या चारशेचे 160 सेकंद होतात. आपल्याकडे दूरदर्शनची पाल पद्धत, म्हणजे सेकंदाला 50. त्या गतीने तेच चारशे 192 सेकंद पुरतात आणि मागची धूनही तेवढीच रेंगाळते. सोलापूर-धुळे महामार्गावरच्या, गोदाकाठच्या शहागडात ज्या घरी टीव्हीला ‘व्हिडिओ गेम’ जोडला गेला, तिथे हा संथ मारिओ खेळला गेला. जपायचा झाला तर तोच जपायला हवा, आणि ते काम मूळ कंपनीकडून होण्यासारखं नाही. ते संगणकावरच्या एम्युलेटरलाच जमेल.

मारिओ ज्या यंत्रावर चालायचा, तो निन्टेन्डोचा फॅमिकॉम 1983 साली जपानात आला. प्रोसेसर 1.79 मेगाहर्ट्झचा, कामाची मेमरी 2 केबी, आणि मारिओचा अख्खा खेळ 40 केबीचा. इतकं साधं यंत्र असल्यावर नकला निघणारच. नव्वदच्या दशकात भारतातल्या घरांत पोचली ती बहुतेक ही नक्कलच. ‘लिटल मास्टर’ हे त्यातलं एक गाजलेलं नाव. खेळाच्या डबीला आपण कॅसेट म्हणायचो, तिच्यात फीत नसली तरी. वरच्या चिठ्ठीवर नऊनऊ आकडी खेळांची बढाई. आत मोजके खेळ, बाकी तेच खेळ वेगळ्या स्टेजपासून सुरू होणारे. ती कॅसेट उघडली तर हिरव्या पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा दिसतो. चिप त्याच्याखाली गाडलेली असते. ती बिघडली की कॅसेट संपली, कारण गोळा फोडून दुरुस्ती होत नाही. कॅसेट चालेना की पोरं तिच्यात फुंकर मारायची. श्वासातला दमटपणा धातूची टोकं आणखी खराब करायचा.

एम्युलेटर म्हणजे संगणकाला कन्सोलचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम, एक बहुरूपीच म्हणा. 1997 साली आलेल्या ‘नेस्टिकल’ने त्या काळच्या साध्या संगणकावरही हे सोंग वठवलं, अचूकपणात तो कच्चा होता, पण वेगवान होता. आजचे ‘मेसेन’ आणि ‘एफसीईयूएक्स’ त्याच्या फार पुढे गेलेत. बनावट कॅसेटींच्या पोटातल्या चमत्कारिक जोडण्याही त्यांना वाचता येतात. उलट निन्टेन्डोने 2018 पासून वर्गणीवर जुने खेळ द्यायला सुरुवात केली, त्या संग्रहात या नकली कॅसेटींना जागा नाही, आणि आपल्याच नकलेला कोणती कंपनी जागा देईल? शिवाय सगळ्याच जुन्या खेळांची गत वाईट आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या 2023 च्या अभ्यासानुसार अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी 87 टक्के आज बाजारात मिळत नाहीत.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: ही चोरी नव्हे काय? इथे यंत्राचं सोंग आणि खेळाची प्रत या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या पाहिजेत. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात 2000 साली अमेरिकी अपील न्यायालयाने सोंगासाठी मूळ यंत्राचा उलगडा करणं रास्त वापरात बसवलं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 कायदेशीरपणे घेतलेल्या प्रोग्रामची राखीव प्रत काढू देतं. मात्र डिजिटल कुलूप फोडण्याबद्दलचं कलम 65अ 2012 पासून लागू आहे, आणि इंटरनेटवरून फुकट उतरवलेल्या खेळाला यातलं कुठलंच कलम सरसकट अभय देत नाही. ‘युझू’ या एम्युलेटरच्या कर्त्यांना 2024 मध्ये निन्टेन्डोशी 24 लाख डॉलरची तडजोड करावी लागली, पण तो बाजारात चालू असलेल्या कन्सोलचा मामला होता. ज्या कॅसेटीचा बनवणारा आज पुढेच येणार नाही, तिच्याबाबत नुकसान कोणाचं, हे मला तरी कोणी सांगितलेलं नाही. अर्थात तिच्यातला मारिओ निन्टेन्डोचाच आहे. म्हणून प्रत काढून ठेवणं आणि ती वाटत सुटणं यांत मी फरक करतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: सोंग ते सोंगच. बदकं टिपायचा बंदुकीचा खेळ घ्या. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपे. हे जुन्या काचेच्या टीव्हीवरच जमतं. सपाट पडद्यावर ती बंदूक आंधळी होते आणि एम्युलेटर हाती माउस देतो. हे नुकसान मान्य. पण सोंगाने काही दिलंही. त्या मारिओत खेळ साठवायची सोय नव्हती. भारनियमनात लाइट गेली की आठव्या जगातून पुन्हा पहिल्या नळापाशी. एम्युलेटर हवा तो क्षण गोठवून ठेवतो. ही सोय खेळताना वापरावी, नोंद करताना नव्हे.

आणि नोंद करायची तर 50 च्या गतीनेच. ‘एफसीईयूएक्स’मध्ये त्यासाठी पर्याय आहे. पाल टीव्हीसाठीच्या तैवानी नकलांची घडण त्यात धरलेली आहे. त्याला नाव दिलंय ‘डेंडी’, रशियात 1992 पासून विकल्या गेलेल्या नकली यंत्राचं. लिटल मास्टरचं नाव तिथे नाही.