विभागाचे बळ आणि संघाचे यश

एखादा संघ किती मोठा, हे ठरविताना आपण त्याचे विजय मोजतो; ते विजय कोणावर मिळविले, हा प्रश्न मात्र मागाहून सुचतो. अमेरिकेत विद्यापीठांच्या बास्केटबॉल संघांविषयी हा वाद दरवर्षी रंगतो. तेथील संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या मंडळांत वाटलेले असतात. मंडळाच्या विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश असतो आणि उरलेल्या जागा भरताना निवड समिती प्रतिस्पर्ध्यांच्या तोलाचा हिशेब करते. स्पोकेन शहरातील गोंझागा विद्यापीठ तुलनेने दुबळ्या मंडळातले. २०२१ साली त्याचा संघ एकही सामना न हरता, ३१ विजय पदरी बांधून अंतिम सामन्यास उभा राहिला, आणि बलाढ्य मंडळातून आलेल्या बेलर विद्यापीठाकडून तेथे पराभूत झाला. ‘आम्ही म्हणत नव्हतो?’ असे म्हणणारे पुष्कळ निघाले. परंतु दुबळ्या मंडळातला संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला कसा, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. रणजी करंडकाचा इतिहास हा या प्रश्नाचा, जवळजवळ सत्तर वर्षे चाललेला, प्रयोगच आहे. १९३४-३५ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत देशाचे विभाग पाडलेले होते, आणि १९५२-५३ पासून त्यांत मध्य विभागाची भर पडली. १९५७-५८ पासून प्रत्येक विभागात साखळी पद्धतीने सामने होऊ लागले व विभागातील केवळ पहिला संघ पुढच्या बाद फेरीत जाऊ लागला. नियम दिसायला सरळ. पण त्यात एक गृहीत दडलेले होते, ते असे की सर्व विभागांचे बळ सारखे आहे.

ते सारखे नव्हते. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदे, गुजरात आणि सौराष्ट्र. मध्य विभागात राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, विदर्भ आणि पुढे रेल्वे. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी ओळीने पंधरा वर्षे मुंबईने करंडक जिंकला. त्या काळात महाराष्ट्राचा संघ कितीही चांगला खेळला तरी मुंबईच्या मागे राहिला की त्याचा हंगाम विभागातच आटोपे. उलट राजस्थानचा संघ १९६०-६१ ते १९६९-७० या दहा हंगामांत सात वेळा अंतिम सामन्यास पोहोचला आणि सातही वेळा मुंबईकडून हरला. राजस्थानकडे विनू मंकड, विजय मांजरेकर, सलीम दुराणी यांच्यासारखे खेळाडू होते, तेव्हा त्याला दुबळा म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु सात वेळा उपविजेता ठरलेला हा संघ देशातील दुसऱ्या क्रमांकाचा होता काय? त्या नियमाच्या चौकटीत याचे उत्तर मिळणे शक्यच नव्हते.

ते मिळाले १९७०-७१ मध्ये. त्या हंगामापासून प्रत्येक विभागातून दोन संघ बाद फेरीत घेण्याचे ठरले. दार इतके किलकिले होताच पहिल्याच वर्षी मुंबईसमोर अंतिम सामन्यास उभा राहिला तो महाराष्ट्र! त्याच हंगामात हेमंत कानिटकर यांनी राजस्थानविरुद्ध २५० धावा काढल्या. अंतिम सामना मुंबईने ४८ धावांनी जिंकला. आदल्या दहा-बारा वर्षांत असे किती अंतिम सामने झालेच नाहीत, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

विभागाची भिंत नसली की काय दिसते, याचा पुरावा त्याआधीही एकदा मिळाला होता. १९४८-४९ च्या हंगामात विभागवार बाद पद्धत नव्हती. मुंबई आणि महाराष्ट्र यांची गाठ उपांत्य सामन्यात पुण्यास पडली व त्या एका सामन्यात २,३७६ धावा निघाल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यातील तो जागतिक विक्रम होय. अंतिम सामना झाला मुंबई व बडोदे यांच्यात. म्हणजे शेवटच्या चारांतील तीन संघ पश्चिमेचे होते. याच हंगामात, याच पुण्यात, भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांचा ४५२ चा तत्कालीन विक्रम नऊ धावांवर आला असता प्रतिपक्षाने पुढे खेळण्याचेच नाकारले. निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना एकदाही खेळावयास मिळाला नाही. त्याचे कारण एवढेच होते असे मी म्हणणार नाही; परंतु दुबळ्या प्रतिपक्षाविरुद्ध काढलेल्या धावांना बाजारात पुरता भाव येत नाही, हे तर आपण आजही पाहतो. आणि त्याच संघाने त्याच वर्षी मुंबईविरुद्ध दोन डावांत मिळून हजारावर धावा केल्या होत्या, ही गोष्ट त्या ४४३ च्या झगमगाटात कोणाच्या ध्यानी राहत नाही.

येथपर्यंतच्या पुराव्यावरून बलवान विभाग हा संघाला शापच ठरतो, असे वाटेल. परंतु दुसरीही बाजू आहे. मुंबईचे बळ आले कोठून? पश्चिम विभागातील वर्षाकाठच्या चार सामन्यांतून ते आले, असे मला वाटत नाही. ते आले मुंबईच्या मैदानांतून. शाळांच्या हॅरिस व गाइल्स ढाली, कचेऱ्यांच्या संघांची टाइम्स ढाल, आणि १९४८ पासून भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर खेळली जाणारी कांगा लीग. तेथे कसोटीवीरालाही शाळकरी गोलंदाजासमोर उभे राहावे लागे. १९७०-७१ च्या ज्या अंतिम सामन्याचा उल्लेख केला त्या वेळी वाडेकर, सरदेसाई, गावस्कर, सोलकर, अशोक मंकड हे सारे वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली दुसऱ्या फळीने करंडक राखला. ज्या नगरात दुसरी फळी एवढी कसदार, त्या नगराचा खरा ‘विभाग’ त्याच्या वेशीच्या आतच होता. बापू नाडकर्णी महाराष्ट्र सोडून मुंबईस गेले ते याच वर्तुळात, आणि तेथे त्यांना विजेतेपदेही लाभली.

आता मध्य विभागाकडे, म्हणजे मी जेथे नोकरीनिमित्त राहतो त्या लखनौच्या बाजूस वळू. दुबळा विभाग मिळाला तर यश सोपे होते, हे खरे असते तर उत्तर प्रदेशाने ते केव्हाच साधले असते. महाराष्ट्राने १९३९-४० साली प्रा. देवधरांच्या नेतृत्वाखाली पहिल्यांदा करंडक जिंकला तो अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताला, म्हणजे याच संघाच्या पूर्वजाला हरवून. पुढे प्रत्यक्ष सी. के. नायुडू साठी उलटल्यावर उत्तर प्रदेशाचे नेतृत्व करीत होते. तरीही मध्य विभागाच्या मोकळ्या वाटेने हा संघ अंतिम सामन्यास पोहोचला तो थेट १९७७-७८ मध्ये, आणि कर्नाटकाकडून एका डावाने हरला. एकट्या उत्तर प्रदेशाचीच ही कथा नव्हे. १९५२-५३ साली होळकर संघाने करंडक जिंकल्यानंतर २०००-०१ पर्यंतच्या अठ्ठेचाळीस हंगामांत मध्य विभागातील एकाही संघाला तो मिळाला नाही. अंतिम सामन्याची पायरी मिळे, गाभारा मिळत नसे. २००१-०२ मध्ये, विभागवार पद्धतीच्या अखेरच्या हंगामात, रेल्वेने तो खंड मोडला.

२००२-०३ पासून प्रदेशानुसार विभाग पाडणे बंद झाले व गुणवत्तेनुसार वरचा आणि खालचा असे दोन गट आले. शेजाऱ्याऐवजी तुल्यबळाशी खेळणे भाग पडले. २००५-०६ मध्ये मोहम्मद कैफ यांच्या उत्तर प्रदेशाने लखनौच्या के. डी. सिंह ‘बाबू’ स्टेडियमवर पहिल्या डावातील आघाडीच्या जोरावर बंगालला मागे टाकून आपला पहिला करंडक जिंकला. (ज्यांच्या नावाचे हे मैदान, ते बाबू हॉकीचे, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील विजयी संघाचे कर्णधार.) पुढच्या तीन हंगामांत याच संघाने आणखी दोन अंतिम सामने गाठले. त्यानंतर राजस्थान दोनदा, विदर्भ तीनदा आणि मध्य प्रदेश एकदा असे सारे जुने मध्य विभागवाले विजेते झाले.

पण हे श्रेय केवळ नव्या गटवारीला देणे मला पटत नाही. लखनौच्या गुरु गोविंदसिंह क्रीडा महाविद्यालयातून सुरेश रैना व आर. पी. सिंग आले, कानपूरच्या ग्रीन पार्क वसतिगृहातून कैफ आले. लहान गावांतली मुले एका छताखाली येऊन रोज परस्परांशी झुंजू लागली, तेव्हा मुंबईच्या मैदानांचे काम येथे वसतिगृहांनी थोड्याफार प्रमाणात केले. विदर्भाला चंद्रकांत पंडित हे शिक्षक आणि वसीम जाफर हा फलंदाज, दोघेही मुंबईच्याच शाळेत तयार झालेले, लाभले हेही विसरता येत नाही.

राजस्थानची गोष्ट तर याहून बोलकी. २०१०-११ मध्ये हा संघ खालच्या गटात होता. त्या गटातून बाद फेरीत शिरण्याची वाट अरुंद होती. तीतून शिरून त्याने बडोद्याला बडोद्यातच मागे टाकले, आणि खालच्या गटातून येऊन करंडक जिंकणारा तो पहिला संघ ठरला. ‘दुबळ्या गटातले विजय खोटे’ म्हणणाऱ्यांनी पुढच्या वर्षाची वाट पाहिली. पुढच्या वर्षी तो वरच्या गटात खेळला आणि करंडक पुन्हा त्याच्याकडेच राहिला. दोन्ही वेळी कर्णधार होते पुण्याचे हृषीकेश कानिटकर, १९७०-७१ मध्ये राजस्थानविरुद्ध २५० धावा काढणाऱ्या हेमंत कानिटकरांचे चिरंजीव.