‘केलं असतं’ फ्रेंचमध्ये कसं म्हणायचं? पन्हाळ्याच्या ‘जर-तर’मधून समजून घ्या

११ जुलै २०२५ ला पॅरिसमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात कोल्हापूरचा पन्हाळाही आहे. ही समिती इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांमध्ये काम करते.

आता समजा, उद्या एखादा फ्रेंच पर्यटक पन्हाळ्यावर आला आणि त्याला गडाचा इतिहास सांगायची वेळ तुमच्यावर आली. तुम्ही अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलं होतं, त्यामुळे नावं आणि तारखा जमतील. पण पन्हाळ्याची खरी गोष्ट ‘असतं’ आणि ‘नसतं’ या दोन शब्दांशिवाय पूर्ण होत नाही, आणि भल्याभल्यांची फ्रेंच तिथेच अडते.

पन्हाळ्यावर काय घडलं होतं?

१६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. चार महिने उलटले तरी वेढा ढिला होईना. अखेर १२ जुलैच्या रात्री, भर पावसात, शिवाजी महाराज गडावरून निसटले. दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात बसले होते गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचे शिवा काशिद. ते पकडले गेले आणि मारले गेले. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी शत्रूला रोखून धरलं आणि महाराज विशाळगडावर पोहोचले.

हे सांगितल्यावर पुढचं वाक्य ठरलेलं असतं : ‘शिवा काशिद पालखीत बसले नसते, तर शत्रूने महाराजांना पकडलं असतं.’ जे घडलंच नाही, पण घडू शकलं असतं, ते सांगणाऱ्या या रूपाला फ्रेंचमध्ये ‘काँदिस्योनेल पासे’ म्हणतात, म्हणजे भूतकाळातला संकेतार्थ.

हे रूप तयार कसं होतं?

मराठीत ‘केलं असतं’मध्ये दोन तुकडे आहेत. ‘केलं’ हे मुख्य क्रियापदाचं रूप आणि ‘असतं’ हा मदतनीस. फ्रेंचमध्येही दोनच तुकडे आहेत, फक्त मदतनीस आधी येतो. ‘मी केलं असतं’ म्हणजे ‘झोरे फे’. यातलं ‘ओरे’ म्हणजे ‘असतं’ आणि ‘फे’ म्हणजे ‘केलं’.

मदतनीस दोनच आहेत :

- ‘आव्ह्वार’पासून : ओरे. ‘आम्ही’साठी ओरियों, ‘तुम्ही’साठी ओरिए.
- ‘एत्र’पासून : सरे. ‘आम्ही’साठी सरियों, ‘तुम्ही’साठी सरिए.

बाकी सगळ्यांसाठी लिहिताना स्पेलिंग बदलतं, पण कानाला ‘ओरे’ आणि ‘सरे’च ऐकू येतं.

मग अनियमित क्रियापदांचं काय?

विद्यार्थी सर्वात जास्त घाबरतात ते इथे. पण आपलीच भाषा बघा. ‘बसणे’चं ‘बसला’ होतं, पण ‘करणे’चं ‘करला’ होत नाही, ‘केला’ होतं. ‘जाणे’चं ‘गेला’, ‘येणे’चं ‘आला’, ‘होणे’चं ‘झाला’, ‘मरणे’चं ‘मेला’. म्हणजे अनियमित क्रियापदं मराठीतही आहेतच. आणि एकदा ‘केलं’ पाठ झालं की ‘केलं होतं’, ‘केलं असेल’, ‘केलं असतं’ ही रूपं आपोआप येतात.

फ्रेंचमध्येही तसंच आहे. साध्या भूतकाळासाठी जी रूपं पाठ केली, तीच इथे चालतात :

- करणे : फेर, रूप ‘फे’
- घेणे : प्रांद्र, रूप ‘प्री’
- ठेवणे : मेत्र, रूप ‘मी’
- सांगणे : दीर, रूप ‘दी’
- बघणे : व्ह्वार, रूप ‘व्ह्यू’
- पिणे : ब्वार, रूप ‘ब्यू’
- शकणे : पुव्ह्वार, रूप ‘प्यू’
- येणे : व्हनीर, रूप ‘व्हन्यू’
- मरणे : मुरीर, रूप ‘मोर’

(जिथे शेवटी ‘यू’ आहे, तिथे ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हणायचं.)

गोंधळ होतो तो दुसऱ्याच कारणाने. वर्तमानातला संकेतार्थ शिकताना ‘फेर’चं ‘फरे’ आणि ‘व्हनीर’चं ‘व्हियांद्रे’ अशी रूपं पाठ करावी लागतात. भूतकाळातल्या रूपात त्यांचं काहीच काम नाही. इथे फक्त मदतनीस बदलतो.

‘ओरे’ कधी आणि ‘सरे’ कधी?

बहुतेक क्रियापदांना ‘ओरे’ लागतं. जाणे, येणे, मरणे, जन्मणे, निघणे, पोहोचणे अशा मोजक्या क्रियापदांना ‘सरे’ लागतं. ‘सरे’ असलं की रूप कर्त्याप्रमाणे बदलतं. मराठीत ‘तो मेला असता, ती मेली असती’, तसं फ्रेंचमध्ये ‘इल सरे मोर, एल सरे मोर्त’.

मात्र कर्म नसलेल्या प्रत्येक क्रियापदाला ‘सरे’ लावू नका. ‘तो धावला असता’ याचं फ्रेंच ‘ओरे’नेच होतं.

नकार मदतनीसाच्या दोन्ही बाजूंना बसतो : ‘बाजी प्रभू न सरे पा मोर’, म्हणजे ‘बाजीप्रभू मेले नसते’.

मराठी माणूस कुठे चुकतो?

दोन ठिकाणी. पहिली चूक ‘जर’च्या भागात होते. मराठीत दोन्हीकडे ‘असता’ येतं : ‘तो आला असता तर मी गेलो असतो.’ फ्रेंचमध्ये ‘जर’ म्हणजे ‘सी’, आणि ‘सी’च्या भागात ‘ओरे’ किंवा ‘सरे’ चालत नाही. तिथे ‘आव्हे’ किंवा ‘एते’ येतं, म्हणजे आपलं ‘होतं’. फ्रेंच शाळांमध्ये मुलांना यासाठी एक वाक्य घोकायला लावतात : ‘ले सी नेम पा ले रे’, म्हणजे ‘सी’ला ‘रे’ आवडत नाही.

पन्हाळ्याचं वाक्य असं होईल : ‘सी शिवा काशिद नाव्हे पा प्री ला प्लास द शिवाजी, ले सोल्दा ओरे प्री शिवाजी.’ म्हणजे शिवा काशिद यांनी शिवाजी महाराजांची जागा घेतली नसती, तर सैनिकांनी महाराजांना पकडलं असतं. दोन्ही भागांत ‘प्री’ तेच आहे, फक्त ‘आव्हे’च्या जागी ‘ओरे’ आलं.

दुसरी चूक काळाची. ‘पैसे असते तर गाडी घेतली असती’ हे वाक्य मराठीत आजबद्दलही चालतं आणि गेल्या वर्षाबद्दलही. फ्रेंचमध्ये दोन्हींसाठी वेगळी रूपं आहेत. ‘ओरे’ अधिक ‘प्री’ म्हटलं की संधी हातची गेली असाच अर्थ होतो.

बातमी वाचताना मात्र सावधान!

हेच रूप फ्रेंच वर्तमानपत्रं दुसऱ्याही कामासाठी वापरतात, ते म्हणजे खात्री न झालेली बातमी देण्यासाठी. ‘दी पेर्सॉन सरे मोर्त’ या मथळ्याचं शब्दशः मराठी होतं, ‘दहा जण मेले असते’. म्हणजे वाचणाऱ्याला वाटेल, सगळे वाचले. प्रत्यक्षात बातमी सांगते, ‘दहा जणांचा मृत्यू झाल्याचे समजते’. अर्थ पार उलटा!

म्हणून वाक्यात ‘सी’ किंवा दुसरी एखादी अट दिसते का, ते आधी बघायचं. अट असेल तर ‘असतं’. अट नसेल आणि मजकूर बातमीचा असेल, तर बहुतेक वेळा ‘समजते’. पण ‘समजते’ म्हणजे ‘झालंच’ नव्हे. त्यामुळे अशी बातमी पुढे पाठवताना ‘अजून दुजोरा नाही’ हे शब्द गाळू नका. फ्रेंच पत्रकाराने ते ‘ओरे’ किंवा ‘सरे’मध्ये आधीच सांगून ठेवलेले असतात.