घरच्या घरी न्यूरोफीडबॅक

मेंदूतल्या विद्युतलहरी पडद्यावर किंवा आवाजातून तत्क्षणी दाखवायच्या आणि त्या बदलायला शिकवायचं, हे न्यूरोफीडबॅकचं तंत्र. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना खाऊचं बक्षीस देऊन १२ ते १५ हर्ट्‌झच्या लहरी वाढवायला शिकवलं. पुढे रॉकेटच्या विषारी इंधनाच्या चाचणीत त्या इंधनाने येणारे झटके याच मांजरांना इतर मांजरांपेक्षा उशिरा आले!

घरी सुरुवात ‘म्यूज’सारख्या, डोक्याला बांधून लहरी टिपणाऱ्या पट्ट्याने करता येते. आधी कपाळ आणि कानामागची त्वचा पुसून घ्यावी. डोळे मिचकावले, दात आवळले तरी डोळ्यांचा आणि स्नायूंचा विद्युतगोंगाट लहरींत मिसळतो.

अमेरिकेत एडीएचडी (लक्ष न लागणं आणि अतिचंचलता) असलेल्या १४४ मुलांच्या चाचणीत खऱ्या आणि नकली प्रशिक्षणाने जवळपास सारखाच फरक पडला. त्यामुळे महागड्या यंत्राची घाई नको. फेफऱ्याचा त्रास असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पट्टा बांधूच नये.